कंपनीची योजना की जनऔषधी? मधुमेहाच्या महाग औषधांचा खर्च पेलताना

मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या जुन्या, स्वस्त गोळ्यांवर भागत असतं तोवर मधुमेहाचा खर्च घरात कोणाला जाणवत नाही. मग डॉक्टर एखादं ग्लिप्टिन (सिटाग्लिप्टिनसारखी नवी गोळी) जोडतात, हृदयासाठी किंवा किडनीसाठी म्हणून ग्लिफ्लोझिन (एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी) येतं, रात्रीचं इन्सुलिन सुरू होतं आणि औषधांचं बिल पेन्शनला टोचायला लागतं. आमच्याकडे आईच्या बाबतीत हेच झालं. इंदुरात अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणतं आयुष्मान कार्ड काढा, कोणी दवाबाजाराचा रस्ता दाखवतं, कोणी औषध कंपनीच्या सवलत योजनेत नाव घालायला सांगतं, कोणी जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, पाठवतं. हे सगळे मार्ग मी आईसाठी धुंडाळले आहेत. खरी निवड शेवटच्या दोनांतच करावी लागते असं माझं मत झालं आहे, त्यामुळे आधीचे पर्याय थोडक्यात सांगतो.

आयुष्मानबद्दल गैरसमज फार आहे, म्हणून तो आधी. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. हे कार्ड काढाच, आईचंही काढलं आहे. पण ते दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि सुट्टी झाल्यावरचे 15 दिवस, एवढ्यापुरतीच औषधं त्यात बसतात. दर महिन्याच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत. कार्ड हातात आल्यावर आता औषधांची काळजी मिटली असं समजून बसलेली घरं मला माहीत आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

सरकारी दवाखान्यांत मध्य प्रदेशात 2012 पासून मोफत औषध वितरणाची योजना आहे. पर्च्यावर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि साधं इन्सुलिन एवढंच असेल तर एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयाची वाट आधी धरावी. त्याहून स्वस्त काही नाही. नव्या गोळ्यांसाठी मात्र तिथल्या खिडकीवर विसंबता येईल असं मला वाटत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला दर महिन्याला रांगेत उभं करणं मला जमणारं नव्हतं.

राहिला दवाबाजार. आरएनटी मार्गावरच्या ठोक बाजारात किरकोळ गिऱ्हाईकाला औषध देणारी दुकानंही आहेत, आणि छापील किमतीवर कॉलनीतल्या मेडिकलपेक्षा बरी सूट मिळते. मोठी सोय म्हणजे ब्रँड तोच राहतो, डॉक्टरांना काही विचारावं लागत नाही. पण 60 रुपयांच्या गोळीवर कितीही घासाघीस केली तरी ती 10 रुपयांची होत नाही. ज्यांचं बिल थोडंच हाताबाहेर गेलं आहे त्यांच्यासाठी हा मार्ग ठीक.

आता कंपन्यांच्या योजना. यांची पद्धत साधारण सारखीच असते. डॉक्टरांकडून किंवा पत्रकावरच्या नंबरावर नोंदणी करायची, पर्च्याचा फोटो पाठवायचा, औषध विकत घेतल्यावर बिलाचाही पाठवायचा. ठरलेल्या संख्येइतक्या स्ट्रिप्स घेतल्या की एक मोफत मिळते, कुठे ठरलेल्या केमिस्टकडून, कुठे कुरियरने. काही योजनांत ग्लुकोमीटर मिळतो, आहारतज्ज्ञांचे फोन येतात. या फोनना मी मनापासून चांगलं म्हणेन. इन्सुलिनची सुई रोज एकाच जागी टोचायची नाही, जागा बदलत राहायची, हे आईला नीट समजावलं ते अशाच एका फोनवरच्या ताईंनी. दवाखान्याच्या गर्दीत हे सांगायला कोणाला सवड नसते. आणि सुरुवातीला बिलही खरोखर कमी झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही गोळ्यांसाठी मी ती योजना सोडली. कारण वरवर पाहता लहान आहे. आईची एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी 10 मिलिग्रॅमवरून 25 वर गेली. योजनेच्या हिशेबात हे वेगळं औषध ठरलं. 10 च्या जितक्या स्ट्रिप्स घेऊन झाल्या होत्या त्या मोजणीतून गेल्या आणि 25 ची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. त्यासाठी नवा पर्चा, त्यावर डॉक्टरांचा शिक्का, पुन्हा फोटो, पुन्हा खातरजमेचा फोन, आणि ओटीपी येणार आईच्या मोबाइलवर, तोही मी ऑफिसात असताना. पुढे डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली गोळी सुरू केली, तेव्हा हे सगळं परत. मधुमेहात डोस बदलतच राहतो. एचबीए1सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) पाहून औषध वरखाली करणं हेच तर डॉक्टरांचं काम आहे. मग प्रत्येक बदलाला पाटी कोरी करणारी मदत नेमक्या त्या वेळी हात काढून घेते.

धावपळ मी सहन केली असती. पण एकदा तपासणीच्या वेळी डॉक्टर औषध बदलायला निघाले तेव्हा आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, एक मोफतची स्ट्रिप यायची आहे. तेवढी येऊ द्या, मग बदला.” डॉक्टरांनी समजूतदारपणे तिला समजावलं आणि बदलायचं ते बदललंच. मला मात्र ते फार लागलं. कोणती गोळी घ्यायची हे तिच्या रक्तातल्या साखरेवरून ठरायला हवं. इथे ते मोफत स्ट्रिपच्या आशेवरून ठरू पाहत होतं, आणि पेन्शनवर जगणाऱ्या बाईने तसा विचार केला तर तिला दोष तरी कसा द्यायचा? त्या दिवसापासून माझं मन जनऔषधीकडे झुकलं.

झुकायला आकड्यांचाही आधार होता. समजा तीन स्ट्रिप्सवर एक मोफत मिळते. म्हणजे चारांना तीनांचे पैसे, 25 टक्के सूट. औषधाचं पेटंट संपलं की इतर कंपन्याही ते बनवू शकतात, आणि त्यानंतर किमतीत होणारी घसरण याच्या कितीतरी पुढची असते. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट 2019 मध्ये संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं 2020 मध्ये, सिटाग्लिप्टिनचं 2022 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनची मूळ ब्रँडची गोळी 60 रुपयांच्या आसपास होती. पेटंट संपताच भारतीय कंपन्यांनी तीच 10 रुपयांच्या आतबाहेर आणली, आणि तीही साध्या मेडिकलवर. जनऔषधीने सिटाग्लिप्टिन सप्टेंबर 2022 मध्ये आणलं तेव्हा 50 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्यांची किंमत 60 रुपये होती, 100 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्यांची 100 रुपये, आणि मेटफॉर्मिनसोबतच्या 50/500 च्या स्ट्रिपची 65 रुपये. बाजारात तेव्हा तशाच स्ट्रिपला दीडशेच्या वर मोजावे लागत. ही किंमत सगळ्यांना सारखी. नोंदणी नाही, ओटीपी नाही, मोजणी नाही. डोस बदलला तर पुढच्या वेळी दुसरी स्ट्रिप मागायची, बस.

औषध स्वस्त असलं की शंका येतेच. माझ्याही मनात होती आणि आईच्या मनात तर जास्तच. जनऔषधीचा माल बॅचवार मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासला जातो, हे वाचून माझं थोडं समाधान झालं. आईचं समाधान तिच्या वहीनेच केलं. डॉक्टरांना सांगून आम्ही सगळ्या गोळ्या एकदम बदलल्या नाहीत. एक बदलली, उपाशीपोटीची साखर वहीत लिहीत राहिलो, मग दुसरी बदलली. एचबीए1सी नेहमीच्याच लॅबमध्ये केलं. आकडे आधी होते त्याच पट्ट्यात राहिले. एका माणसाच्या वहीवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढावा असं मी म्हणणार नाही, पण तुम्हीही याच क्रमाने गेलात तर तुमच्या घरचं उत्तर तुम्हाला तुमच्याच वहीत मिळेल.

जनऔषधीच्या अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली नावाची. डॉक्टर ब्रँड लिहितात आणि केंद्रात सॉल्टचं, म्हणजे मूळ औषधाचं, नाव लागतं. औषधाचं मूळ नाव लिहिण्याची सक्ती करणारा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला, म्हणून हे आपल्यालाच मागून घ्यावं लागतं. मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, “सर, खर्च झेपत नाही, सॉल्टचं नाव ठळक अक्षरांत लिहून द्याल का?” त्यांनी जराही वाईट वाटून घेतलं नाही. संकोच आपल्याच बाजूला जास्त असतो. लिहून घेताना मिलिग्रॅमबरोबर गोळी साधी की एसआर हेही लिहून घ्या. मेटफॉर्मिनमध्ये हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एसआर गोळी पोटात हळूहळू सुटते आणि काहींना साधी गोळी सोसत नाही.

दुसरी अडचण साठ्याची. एका केंद्रात आहे ते दुसऱ्यात असेलच असं नाही, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. जनऔषधी सुगम या ॲपवर औषध, किंमत आणि जवळचं केंद्र शोधता येतं. पण घरून निघण्याआधी केंद्रात फोन करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. शेवटची स्ट्रिप फोडली की मी तिथल्या भाऊंना पुढच्या महिन्याची यादी देऊन टाकतो, ते मागवून ठेवतात. एकत्र गोळी नसेल तर दोन वेगळ्या घेता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं आहे. गोळ्यांची संख्या वाढते, आईची कुरकुर होते, पण चुकत नाही. डबीत सकाळ-संध्याकाळचे कप्पे केले आहेत.

इन्सुलिनला मात्र हे सगळं तसंच लागू होत नाही. आईच्या रात्रीच्या ग्लार्जिन इन्सुलिनसाठी कंपनीची योजना आम्ही अजून चालू ठेवली आहे. युनिट 12 चे 14 झाले तरी पेन तेच राहतं, त्यामुळे मोजणी तुटत नाही आणि ज्या त्रासाने मी गोळ्यांची योजना सोडली तो इथे होतच नाही. शिवाय पेन, सुई, फ्रिज, प्रवास याबद्दल विचारायला फोनवर माणूस असणं वृद्धांच्या घराला उपयोगी पडतं. तुमचं मुख्य बिल इन्सुलिन पेनांचं असेल तर माझ्या पसंतीकडे लक्ष न देता योजनेचीच चौकशी आधी करा.

तीच गोष्ट नव्या इंजेक्शनांची. तिर्झेपटाइड मार्च 2025 मध्ये भारतात मौंजारो या नावाने आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत 3,500 रुपये आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपये होती, आणि ते आठवड्याला एकदा घ्यायचं असतं. त्याच्या पेटंटला अजून बरीच वर्षं आहेत, तेव्हा स्वस्त जेनेरिक सध्या विसरा. सेमाग्लूटाइड या तशाच दुसऱ्या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतची. अशी इंजेक्शनं कोणी सुचवली तर “हे किती महिने घ्यावं लागेल?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, कारण मध्येच परवडेनासं झालं म्हणून थांबवलेलं औषध फार उपयोगाचं नसतं.

थोडक्यात, पर्च्यावरची औषधं पेटंटमधून बाहेर पडलेली असतील आणि तुमचे डॉक्टर डोस बदलत असतील, तर मी जनऔषधीकडेच बोट दाखवीन. आणि कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. घरातल्या साठीपुढच्या माणसाचा आरोग्य विमा नसेल तर त्याच्या औषधपाण्यावरच्या वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतच्या खर्चावर, 80 डी म्हणून आपण ओळखतो त्या आयकर सवलतीत, मुलालाही वजावट मिळते. त्यासाठी आयकराची जुनी पद्धत निवडलेली असावी लागते आणि रोखीने दिलेले पैसे धरले जात नाहीत. आईच्या बिलांची फाइल मी एप्रिलपासूनच वेगळी ठेवतो.