१९५२ चा टॉप्स बेसबॉल संच, १९८३ च्या पुनर्मुद्रणात: वाचायला उत्तम, मिरवायला नाही

अमेरिकेतील टॉप्स कंपनीने १९८३ साली आपल्याच १९५२ च्या बेसबॉल कार्डांचे पुनर्मुद्रण केले. कार्डसंग्राहकांच्या दुनियेत १९५२ च्या मूळ संचाला जे स्थान आहे ते पाहता, हे पुनर्मुद्रण म्हणजे सामान्य माणसाला परवडणारा एक पर्याय होता आणि जुन्या बाजारात तो आजही मिळतो. मूळ संचातील मिकी मँटल या विख्यात खेळाडूचे कार्ड सोडाच, शेवटच्या मालिकेतील मोजकी मूळ कार्डे विकत घ्यायची म्हटली तरी याहून अधिक खर्च येईल. हा संच घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न मला बेसबॉलची नव्याने ओळख झालेल्या मराठी मंडळींकडून अधूनमधून विचारला जातो. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्यामागचे कारण गुंतवणुकीचे नाही.

आधी मूळ संचाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. टॉप्स ही तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील च्युइंगगम बनवणारी कंपनी. कार्डे ही गम खपवण्याची युक्ती होती. साय बर्गर या तरुण कर्मचाऱ्याने वुडी गेलमन यांच्या साथीने, घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर पुठ्ठा आणि कात्री घेऊन १९५२ च्या कार्डाचा आराखडा तयार केला. प्रतिस्पर्धी बोमन कंपनीच्या कार्डांपेक्षा मोठा आकार, कृष्णधवल छायाचित्रांवर चढवलेले रंग, संघाचे बोधचिन्ह, खेळाडूची छापील स्वाक्षरी आणि मागच्या बाजूला गेल्या हंगामाची व एकूण कारकिर्दीची आकडेवारी, या सगळ्याची एकत्र मांडणी त्याने केली. एकूण ४०७ कार्डे टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्यांतील ३११ पासून पुढची शेवटची मालिका हंगामाच्या अखेरीस दुकानांत पोहोचली, तोवर मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळले होते. उरलेला माल वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिला आणि अखेर १९६० च्या सुमारास बर्गर यांनी तो तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडवला. बर्गर ही हकिकत पुढे स्वतःच सांगत असत.

मँटलच्या कार्डाची किंमत या बुडालेल्या मालाशी जोडली जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. ३११ क्रमांकाचा मँटल, ३१२ क्रमांकाचा जॅकी रॉबिन्सन आणि ३१३ क्रमांकाचा बॉबी टॉमसन ही तीन कार्डे छपाईच्या तावावर दोनदा होती, म्हणजे त्याच मालिकेतील इतर अनेक अनोळखी खेळाडूंपेक्षा ती अधिक संख्येने छापली गेली. शिवाय हे मँटलचे पहिले कार्डही नाही. ते १९५१ च्या बोमन संचात आले होते. तरीही १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सापडलेल्या साठ्यातील एक जवळजवळ निर्दोष मँटल ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. ज्याने तो विकला त्याने १९९१ मध्ये त्यासाठी ५०,००० डॉलर मोजले होते. हे वेड दुर्मीळतेतून उपजलेले नाही. निळ्या पार्श्वभूमीवर, खांद्यावर पिवळी बॅट टाकून डावीकडे वर पाहणारा विशीतला पोरगा, ओक्लाहोमातल्या जस्ताच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा, आणि पुढे त्याच्या नावावर जमा झालेले ५३६ होमरन (सहसा चेंडू थेट प्रेक्षकांत पाठवणारे फटके), हे सारे त्या चित्रात लोकांना मागाहून दिसू लागले. १९५६ मध्ये फलंदाजीची ०.३५३ ची सरासरी, ५२ होमरन आणि आपल्या फटक्यांतून संघाला १३० धावा, अशी कामगिरी करून त्याने अमेरिकन लीग या दोन सर्वोच्च लीगपैकी एकीत तिन्ही आघाड्यांवर पहिला क्रमांक मिळवला. तेही १९५१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगविजेत्यांच्या अंतिम मालिकेत, यांकी स्टेडियममधील पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात पाय अडकून उजवा गुडघा कायमचा दुखावल्यानंतर!

परंतु केवळ मँटलसाठी हा संच घेणारा माणूस फसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुनर्मुद्रित मँटल हे छापील चित्र आहे, आणि तसे चित्र कुठेही मिळते. या संचाची खरी गंमत तो पहिल्या क्रमांकापासून वाचत गेल्यावर कळते, कारण १९५२ च्या वसंतात ही कार्डे निघाली तेव्हा सगळ्यांच्या मनात ३ ऑक्टोबर १९५१ चा एकच फटका घोळत होता. न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांचे हंगामाअखेर विजय-पराजय समसमान झाले होते. ऑगस्टमध्ये साडेतेरा सामन्यांनी मागे असलेल्या जायंट्सनी ही तूट भरून काढली होती. तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेतील तिसरा सामना पोलो ग्राउंड्सवर रंगला. नवव्या डावाच्या उत्तरार्धात डॉजर्स ४-२ ने पुढे, जायंट्सचे दोन खेळाडू बेसवर आणि एक बाद, अशा स्थितीत बॉबी टॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होमरन मारला आणि बेसवरच्या दोघांसह तीन धावा मिळवून सामना ५-४ असा जिंकून दिला.

आता कार्डे पाहा. क्रमांक १ आहे अँडी पॅफ्को. तो लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, भिंतीला टेकून, डोक्यावरून प्रेक्षकांत जाणारा तो चेंडू पाहत उभा होता. २७४ वर आहे ब्रँका, जो एरवी चांगला पिचर (चेंडू टाकणारा) असूनही त्या एका चेंडूमुळेच जन्मभर ओळखला गेला. २६१ वर आहे विली मेज. टॉमसननंतर त्याचीच पाळी होती आणि पहिल्याच हंगामातला हा वीस वर्षांचा मुलगा आपली पाळी येऊ नये अशी प्रार्थना करत होता, असे त्यानेच नंतर सांगितले. ३१२ वरचा रॉबिन्सन, सगळे डॉजर्स माना खाली घालून निघालेले असताना, टॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही हे पाहत मैदानातच थांबला होता. ३१३ टॉमसन स्वतः, स्कॉटलंडमधील ग्लासगोत जन्मलेला. ३१४ रॉय कॅम्पनेला, डॉजर्सचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा), दुखापतीमुळे त्या दिवशी बाहेर बसलेला. ३१५ जायंट्सचा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर. शेवटच्या मालिकेत ३१२ ते ३१५ हे चार ओळीने आले, यामागे योजना होती की योगायोग, कोण जाणे. पण अल्बमच्या एकाच पानावर ते शेजारी शेजारी बसतात तेव्हा त्या दिवसाचे अर्धे मैदान समोर उभे राहते.

कार्डावर काय नाही हेही वाचता येते. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय रॉबिन्सनने मेजर लीगमधील, म्हणजे सर्वोच्च पातळीवरील, वर्णभेदाची भिंत फोडली आणि १९४९ मध्ये ०.३४२ सरासरीने नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्याचे कार्ड इतरांइतकेच हसरे आणि रंगीत आहे. कॅम्पनेलाच्या चेहऱ्यावर जानेवारी १९५८ चा अपघात नाही, ज्याने त्याला कायमचे चाकांच्या खुर्चीत बसवले. मेज तर कार्ड निघाले त्याच हंगामात सैन्यात दाखल झाला आणि १९५४ मध्ये परतून थेट लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बाकीच्या चारशेंमध्ये बरेच भरताड आहे, हे मान्य करायला हवे. सलग पन्नास चेहऱ्यांत एखादाच लक्षात राहतो. मात्र ३१ क्रमांकाच्या गस झर्नियलला चुकवू नये. तीन सामन्यांत सहा होमरन मारल्याच्या निमित्ताने त्याच्या बॅटवर सहा चेंडू चिकटवलेले दाखवले आहेत आणि तो बोटांनी ‘झकास’ची खूण करत आहे. ३९२ वरचा हॉइट विल्हेल्म १९५२ मध्येच आला, आयुष्यातल्या पहिल्याच पाळीत त्याने होमरन मारला आणि पुढच्या दोन दशकांच्या कारकिर्दीत पुन्हा एकही मारला नाही. ४०७ वरचा एडी मॅथ्यूज ५१२ होमरनवर थांबला. बोस्टन, मिलवॉकी आणि अटलांटा अशा तिन्ही शहरांतून ब्रेव्ह्ज संघाकडून खेळणारा तो एकमेव. पहिले आणि शेवटचे कार्ड म्हणून पॅफ्को व मॅथ्यूज यांच्या मूळ प्रती गठ्ठ्याला बांधलेल्या रबरबँडच्या दाबाने आणि हाताळणीने सर्वाधिक खराब झालेल्या आढळतात. म्हणूनच पॅफ्कोसारख्या मध्यम दर्जाच्या खेळाडूच्या स्वच्छ कार्डाला डोळे विस्फारणारी किंमत येते.

पुनर्मुद्रणातील उणिवा दोन आहेत आणि दोन्ही दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. पहिली आकाराची. मूळ कार्ड अडीच इंचांहून किंचित रुंद आणि पावणेचार इंच उंच होते. १९८३ चे कार्ड आजच्या प्रचलित अडीच बाय साडेतीन इंचांचे आहे. मोठा आकार हेच ज्या कार्डाचे बलस्थान, ते लहान करून छापणे मला तरी पटत नाही. फसवणूक टाळण्यासाठी मात्र हाच फरक उपयोगी पडतो, शिवाय मागच्या बाजूला हे पुनर्मुद्रण असल्याचे छापलेले आहे. दुसरी उणीव अशी की संच ४०२ कार्डांचाच आहे. बिली लोज, डॉम डिमॅजिओ, सॉल रोगोव्हिन, सॉली हेमस आणि टॉमी होम्स या पाच जणांशी कंपनीचा करार होऊ शकला नाही. यातला होम्स मला सर्वाधिक खटकतो. १९४५ मध्ये सलग ३७ सामन्यांत हिट (बेस गाठून देणारा फटका) मारण्याचा त्याचा नॅशनल लीगचा आधुनिक काळातील, म्हणजे १९०० नंतरचा, विक्रम १९७८ पर्यंत टिकला होता. स्टॅन म्युझियल आणि टेड विल्यम्स यांची अनुपस्थिती हा पुनर्मुद्रणाचा दोष नव्हे, ते मूळ संचातही नव्हते.

घेताना सर्वप्रथम ३११ क्रमांक आहे की नाही ते पाहावे, कारण तो एकटाच काढून विकण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. पाच रिकाम्या जागांसाठी माझी सूचना अशी की तेथे कोपरे झिजलेली मूळ कार्डे बसवावीत. हे पाचही क्रमांक शेवटच्या महागड्या मालिकेतले नाहीत, आणि रोगोव्हिन किंवा हेमस यांच्या खराब अवस्थेतील प्रतींना फारसे गिऱ्हाईक नसते. फक्त त्यांच्यासाठी अल्बमची आठ खणांची पाने वेगळी घ्यावीत. नेहमीच्या नऊ खणांच्या पानात १९५२ चे कार्ड मावत नाही.