शाळा की होमस्कूलिंग? दोन्ही करून पाहिल्यावर

मूल शाळेत घालायचं की घरीच शिकवायचं, या पेचात असाल तर फायद्या-तोट्यांच्या याद्या एव्हाना तुम्हाला तोंडपाठ असतील. त्या उगाळत नाही. आम्ही मुलीला आधी दोन वर्षं घरी शिकवलं, मग एका साध्यासुध्या शाळेत घातलं. तेवढ्या शिदोरीवर लिहितोय.

वेळेच्या बाबतीत शाळा घराच्या पासंगालाही पुरत नाही. अपूर्णांकांशी आमची झटापट तीन आठवडे चालली, कुणाला घाई नव्हती. कोळी जाळं विणताना दिसला तेव्हा अख्खी सकाळ खिडकीशी गेली. शाळेत तास संपला की संपला, डोक्यात शिरलेलं असो वा नसो.

कायदा देशागणिक बदलतो. जर्मनीत मुलानं शाळेत जाणं सक्तीचं आहे. त्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलेल्या एका कुटुंबाचा अर्ज २००६ साली फेटाळला गेला. मुलांनी समाजात मिसळायला शिकावं, हा सरकारचा युक्तिवाद तिथे टिकला. फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी लागते. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत मुभा आहे, नियम वेगवेगळे.

आता माझं घोडं अडलं ते इथे. एकदा जेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, चंद्र दिवसा पण कसा दिसतो?" मी ताटावरून उठलोच. चेंडू आणला, टॉर्च आणला, कागदावर वर्तुळं काढली. तिचं जेवण गार झालं. चार-पाच दिवसांनी तिनं पुन्हा काहीतरी विचारायला तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "नको, सहज विचारत होते." पुढे प्रश्न आटतच गेले. घरात बाप उरला नव्हता, चोवीस तासांचा मास्तर होता. दोष पद्धतीचा नसेलही. काही आईवडिलांना हे छान साधतं. मला नाही साधलं.

मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातलं कलम २६ मी तेव्हा नातेवाइकांपुढे ढालीसारखं धरायचो: मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं, हे ठरवण्याचा पहिला हक्क आईवडिलांचा. १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १२ फार उशिरा वाचलं. मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मतही, वय आणि समज पाहून, विचारात घ्यायचं असतं. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. स्वातंत्र्य होतं खरं, पण ते माझं. विचारलं तेव्हा म्हणाली, "मला दुसरं कुणी ओरडलेलं चालेल."

शाळेत कंटाळा आहे, गृहपाठ आहे, घोकंपट्टी आहे. पण शेजारी बसणारी मुलं मी निवडलेली नाहीत. "बाबा, तसं नसतं, बाई वेगळं सांगतात" हे वाक्यही मला तिथूनच ऐकायला मिळालं. पहिल्यांदा जरा झोंबलं.

तुमचं मूल खूप आजारी असेल किंवा शाळेत त्याचा छळ होत असेल तर हिशेब वेगळा, तिथे मी बोलणार नाही. एरवी मी शाळेकडे झुकेन, आणि कोळ्यासाठी रविवार मोकळा ठेवेन. हल्ली ती दप्तर टाकते, मी विचारतो, "आज काय झालं शाळेत?" "काही नाही," म्हणते आणि खेळायला पळते. मीही पुढे काही विचारत नाही.