बदलापूर-माटुंगा स्टुडंट पास, सेकंड क्लास : आठ महिने वापरून झाल्यावर

जुलै २०२५ मध्ये एफवायला अॅडमिशन झाली तेव्हा घरी कॉलेज चांगलं आहे का हे कोणी विचारलंच नाही, "रोज जाणार कशी?" एवढंच. त्यात ९ जूनला मुंब्र्याजवळ दोन लोकल गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडून गेली होती, ते टीव्हीवर बघून आईने होस्टेलची चौकशी सुरू केलेली. होस्टेलचे रेट ऐकले आणि मग आम्ही पास काढला.

आधी पैशांचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. स्टुडंटला पास निम्म्या किमतीत मिळतो, वय २५ पर्यंत. काढायचा तर तीन महिन्यांचाच काढा, कारण त्याला २.७ महिन्यांचेच पैसे पडतात, शिवाय कन्सेशनच्या फॉर्मवर सहीसाठी कॉलेजच्या ऑफिसची वारी दर महिन्याला करावी लागत नाही, हा फायदा पैशांपेक्षा मोठा आहे. त्याच जुलैत लांबच्या गाड्यांचं भाडं वाढलं पण लोकल आणि पासला हात लावला नाही. माझी एक मैत्रीण फर्स्टचा घे म्हणून मागे लागलेली, पण तो निम्म्या सवलतीतसुद्धा सेकंडच्या पूर्ण पासापेक्षा महाग पडतो, आणि सकाळी फर्स्टच्या लेडीजमध्ये पण उभंच राहायचं असेल तर कशाला. एसीत हा पास चालत नाही, ते स्वप्न बघू नका.

आता खरी गंमत. पास घराच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंत, म्हणजे माझा बदलापूर ते माटुंगा, साधारण ५८ किलोमीटर. आणि फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही! ती कुर्ला झाली की थेट दादर, म्हणजे माझा पास जिथे संपतो त्याच्या एक स्टेशन पुढे. म्हणून कुर्ल्याला उतरून स्लो पकडायची, कागदावर सोप्पंय. पण सकाळच्या बदलापूर फास्टमध्ये कुर्ल्याला उतरणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरतात तेव्हा जरा जागा होते, त्याच वेळी सरकून दाराशी यायचं, नाहीतर दादरच्या बायका तुम्हाला हलू देत नाहीत, त्यांचं पण बरोबर आहे म्हणा, त्यांना पुढे उतरायचंय. मला दुसऱ्याच आठवड्यात जमलं नाही. बॅग एकीकडे, मी एकीकडे, गाडी सुटली आणि गर्दीने मला दादरलाच उतरवलं. जिन्याशी टीसी मॅडम. मी रडवेल्या आवाजात सगळी स्टोरी सांगितली, त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पावती फाडली, २५० दंड आणि वर तिकिटाचे ५. नियमाने त्या बरोबरच होत्या, पण पाच रुपयांच्या अंतराला २५५ रुपये देताना जीव जळतोच ना.

तेव्हापासून ठाणं गेलं की मी आजूबाजूला "कुर्ला का?" विचारायला सुरुवात करते आणि कोणी हो म्हटलं की त्यांची पाठ सोडत नाही.

सीटबद्दल : बदलापूरहून सुटणारी गाडी म्हणजे बसायला मिळणार असं मला वाटलेलं. हाहा. तीच गाडी आधी मुंबईहून येते ना, तर अंबरनाथच्या बायका त्यात बसून एक स्टेशन उलट्या बदलापूरला येतात, उतरतच नाहीत, आणि आपण दारातून आत शिरतो तोवर सगळ्या खिडक्या भरलेल्या. यावरून रोज भांडण. पहिल्यांदा मलाही राग यायचा, नंतर कळलं की त्या त्यासाठी बदलापूरपर्यंतचा पास काढतात आणि घरातून अर्धा तास आधी निघतात. आता मी नुसतं "कुठे उतरणार?" विचारून नंबर लावते. ठाण्याची कोणी सापडली तर दिवस चांगला, फोर्थ सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी, मिळाली तर अर्धा चांगला, कारण त्यावर बसण्यापेक्षा टेकणंच जास्त असतं.

गाडीत अभ्यास होईल असं समजून पास काढत असाल तर विसरा. मी पहिले दोन महिने नोट्स हातात घेऊन उभी असायचे आणि एकच पान वाचायचे. मग नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायला लागले, ते थोडंफार जमतं, मध्येच डब्यातल्या विकणारीचं "क्लिप दस को तीन" येतं तेवढं सोडा. संध्याकाळी तर शक्यच नाही. आमच्या डब्यातल्या एक काकू कुर्ल्यानंतर पिशवीतून मेथी काढतात आणि एकदा अर्धी जुडी माझ्याच मांडीवर ठेवली, "घे बाळा, हात रिकामेच आहेत तुझे." डोंबिवली येईपर्यंत निवडून झाली. याच काकूंनी सेमिस्टरच्या पेपरच्या दिवशी माझा चेहरा बघून अख्ख्या बाकाला सांगितलं हिचा पेपर आहे, हिला बसू द्या, आणि मुलुंडपासून मला चक्क खिडकी! नवरात्रात मी रंग चुकवला त्याबद्दल मात्र त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

पावसाळा वेगळाच विषय आहे. १९ ऑगस्टला रुळांवर पाणी भरून ठाण्याच्या पुढे मुंबईकडची गाडी बंद पडली तेव्हा कॉलेजला सुट्टी होती, वाचले. इतर दिवशी डब्यात पाण्याची बाटली, पार्ले-जी आणि चार्ज असलेला फोन, या तीन गोष्टींशिवाय जुलै-ऑगस्टमध्ये निघू नका.

परतीला एक सांभाळा, इंडिकेटरवर 'एस' म्हणजे कर्जत (बदलापूर याच मार्गावर) आणि 'एन' म्हणजे कसारा. कल्याणपर्यंत दोन्ही सारख्याच. मी एकदा झोपेत 'एन' मध्ये चढले आणि जाग आली तेव्हा शहाड. पास तिथेही चालत नाही. टीसी नव्हता, नाहीतर अजून २५५.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. पैशांना पाच, वेळेला दोन, माणसांचे काय ते तुम्ही लावा.

सध्याचा पास येत्या शुक्रवारी संपतोय. कन्सेशनच्या फॉर्मवर सही हवी म्हणून ऑफिसात गेले तर म्हणाले सर रजेवर आहेत, सोमवारी ये. सोमवारी गेले तर शिक्का ज्या कपाटात आहे त्याची किल्ली सरांकडे. आता बुधवारी बोलावलंय.