टीकिप की सॉक्स-१ केआयआर? इंटरफेरॉन-गॅमाच्या प्रयोगासाठी कोणतं पेप्टाइड मागवावं

इंटरफेरॉन-गॅमा या रोगप्रतिकारक संदेशवाहक प्रथिनाचा संदेश पेशीच्या आत जॅक-२ या किनेजपाशी (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमपाशी) अडवायचा आहे, पण रुक्सोलिटिनिब या औषधासारखा एटीपीच्या खाचेत बसणारा रेणू नको, पेशीचा स्वतःचा ब्रेक असलेल्या सॉक्स-१ ची नक्कल हवी, असं ठरलं की निवड बहुधा दोन छोट्या पेप्टाइडांवर येते. एक टीकिप (टायरोसिन किनेज इनहिबिटर पेप्टाइड), दुसरं सॉक्स-१ चं केआयआर, म्हणजे किनेजला रोखणारा त्याचा भाग. दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठात हॉवर्ड जॉन्सन यांच्या गटाने वापरात आणली. टीकिप २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि दोघांची समोरासमोर तुलना २००७ मध्ये.

त्या तुलनेत दोघांचं काम बरंचसं सारखं दिसतं. दोन्ही जॅक-२ च्या १००१ ते १०१३ या तुकड्याला, म्हणजे जिथे १००७ क्रमांकाचं टायरोसिन आहे त्या स्वयं-फॉस्फोरिलेशनच्या (किनेजने स्वतःलाच फॉस्फेट जोडण्याच्या) जागेला, चिकटतात. त्या टायरोसिनवर फॉस्फेट असो वा नसो. दोन्हींमुळे संदेश पुढे केंद्रकापर्यंत नेणाऱ्या स्टॅट-१ प्रथिनाचं फॉस्फोरिलेशन घटतं आणि रॉ २६४.७ या उंदराच्या पेशीवाणातल्या मॅक्रोफेजही शांत होतात. फरक एका ठिकाणी आहे. टीकिप जॅक-२ चं स्वयं-फॉस्फोरिलेशनसुद्धा थांबवतं, केआयआर थांबवत नाही, आणि त्या कामानुसार मूळ सॉक्स-१ ही थांबवत नाही. तुमचा प्रश्न नेमका स्वयं-फॉस्फोरिलेशनचा असेल तर टीकिप घ्या, त्याला इथे पर्याय नाही. बाकी सगळ्यांसाठी पुढचं वाचण्यासारखं आहे.

टीकिपची अडचण त्याच्या घडणीतच आहे. अमिनो आम्लं बारा. त्यांत पाच फेनिलअ‍ॅलानिन, दोन व्हॅलिन, एकेक ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, आयसोल्युसिन आणि टायरोसिन. विद्युतभार असलेलं एकच, शेवटचं आर्जिनिन. रेणुभार सुमारे १६८४. डीएमएसओ या द्रावकात ते छान विरघळतं: निव्वळ १ मिलिग्रॅमला ५९ मायक्रोलिटर घातलं की १० मिलिमोलर साठा तयार. हा साठा माध्यमात ५०० पट पातळ केला की वहीत २० मायक्रोमोलर लिहिलं जातं आणि डीएमएसओ ०.२ टक्के राहतं. पण माध्यमात पडल्या क्षणापासून पेप्टाइड एकमेकांना धरू लागतं. कधी नळीच्या कडेला बारीक धागे दिसतात, कधी किंचित धुरकटपणा, आणि पुष्कळदा डोळ्यांना काहीच दिसत नाही. उरलेलं प्लास्टिकला चिकटतं. सीरम असेल तर अल्ब्युमिन आपला वाटा घेतं.

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. पेशीपर्यंत किती पोचलं हे कळतच नसेल तर मात्रा-प्रतिसादाच्या आलेखाला अर्थ राहत नाही. पेप्टाइड काम करत नाही असं नव्हे, करतं. पण सोमवारचे २० मायक्रोमोलर आणि गुरुवारचे २० मायक्रोमोलर एक नसतात.

याची चाचणी सोपी आहे आणि टीकिप घेणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी करावी. पीबीएसमध्ये (फॉस्फेट-मिठाच्या बफरमध्ये) २० मायक्रोमोलर द्रावण करा, दहा मिनिटं तसंच ठेवा, मग १६,००० जी वर दहा मिनिटं फिरवा. वरच्या द्रावणाचं २८० नॅनोमीटरला शोषण मोजा. शून्यासाठी तेवढंच डीएमएसओ घातलेलं पीबीएस घ्या. एक ट्रिप्टोफॅन आणि एक टायरोसिन मिळून मोलर शोषणांक ६९९० येतो, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये साधारण ०.१४ दिसायला हवं. जेवढं कमी, तेवढं पेप्टाइड तळाला किंवा भिंतीला गेलं. पॉलिस्टायरीनऐवजी कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापरल्या आणि साठा थेंबाथेंबाने कोमट माध्यमात घालत हलवत राहिलं तर फरक पडतो, पण प्रश्न मिटत नाही.

दुसरी काळजी याहून गंभीर. असे पुंजके कोणत्याही एन्झाइमला नुसतं लपेटून बंद पाडू शकतात. पेशीविरहित किनेज चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातल्यावर अवरोध नाहीसा झाला, किंवा आलेख अस्वाभाविक उभा चढला, तर तुम्ही पुंजक्यांचा परिणाम मोजत आहात असं समजावं. जिवंत पेशींवर ही युक्ती चालत नाही, डिटर्जंट पेशीच्या पटलालाच हात घालतो.

शिवाय डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात कुपी चारपाच वेळा उघडली की साठ्यातच पाणी शिरतं आणि टीकिप तिथेच बसायला लागतं. त्यामुळे एका प्रयोगापुरते, १० मायक्रोलिटरचे वाटे करून गोठवावेत. डीएमएसओ १८ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून थंड वातानुकूलित खोलीत साठा अर्धवट वितळलेला राहू शकतो. हातात धरून पूर्ण मोकळा झाल्यावरच पिपेट लावा.

केआयआर म्हणजे सॉक्स-१ चा ५३ ते ६८ हा सोळा अमिनो आम्लांचा तुकडा, रेणुभार सुमारे २०९४. चार आर्जिनिन, दोन हिस्टिडिन आणि दोन अ‍ॅस्पार्टिक आम्लं असल्यामुळे ते पाण्यात निमूट विरघळतं. त्याची खोट वेगळी आहे: उघडं केआयआर पेशीच्या आत जात नाही. आत नेण्याचे रूढ मार्ग दोन, पुढच्या टोकाला पामिटॉइल-लायसिन जोडणं किंवा नऊ आर्जिनिनची शेपटी लावणं. इंटरफेरॉन-गॅमासाठी मी पामिटॉइल सुचवेन. इंटरफेरॉन-गॅमा आपल्या धनभारित टोकाने पेशीवरच्या हेपॅरान सल्फेटला धरतं आणि नऊ आर्जिनिनही तिथेच धावतात. मग वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फेट लागलेल्या स्टॅट-१ चा पट्टा फिका पडला तो आतल्या जॅक-२ मुळे की बाहेरच्या चढाओढीमुळे, हे सोडवत बसावं लागतं.

पामिटॉइल रूपही अगदी बिनत्रासाचं नाही. अल्ब्युमिन त्या चरबीच्या शेपटीला धरतं, म्हणून पेप्टाइड देताना सीरम ०.५ ते १ टक्क्यावर आणावं. १० मिलिमोलर डीएमएसओ साठा आधी निर्जंतुक पाण्यात १ मिलिमोलर करावा आणि मग माध्यमात ५० पट पातळ करावा, म्हणजे २० मायक्रोमोलरचं स्वच्छ द्रावण मिळतं. ३० मायक्रोमोलरच्या वर गेलात तर पेशीपटलाला इजा होते का हे एलडीएच चाचणीने (फुटक्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजून) पाहा. आर्जिनिन भरपूर असल्याने ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स ते तोडतात. पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या असतील तर नीट धुवा, आणि पेप्टाइड रात्रभर ठेवून भरवसा धरू नका. तासभर आधी द्यावं, मग १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इंटरफेरॉन-गॅमा १५ ते ३० मिनिटं. लायसिस बफरमध्ये १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट विसरलात तर स्टॅट-१ च्या टायरोसिन ७०१ वरचं फॉस्फेट फॉस्फटेज खाऊन टाकेल आणि पेप्टाइडला फुकटचं श्रेय मिळेल. वेळ फार लांबवू नये याचं आणखी एक कारण: इंटरफेरॉन स्वतःच स्टॅट-१ वाढवतं, २४ तासांनंतर एकूण स्टॅट-१ चा पट्टाच बदललेला असतो.

केआयआरच्या बाजूची सगळ्यात मोठी सोय नियंत्रण पेप्टाइडाची. ५६ आणि ५९ क्रमांकांच्या फेनिलअ‍ॅलानिनच्या जागी अ‍ॅलानिन घातलं की निष्क्रिय जोडीदार तयार होतो. त्याला तोच भार, तीच शेपटी आणि जवळजवळ तीच विद्राव्यता. टीकिपची अक्षरं उलटसुलट केलेलं पेप्टाइड टीकिपइतकंच पाण्याला घाबरतं, त्यामुळे त्याच्याही पुंजक्यांशी झगडावं लागतं. आणि पाण्यात सहज विरघळणारं दुसरं कुठलं पेप्टाइड घेतलं तर ते पुंजक्यांच्या परिणामाचं नियंत्रण होत नाही.

एक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. २०१८ मध्ये मेलबर्नच्या गटाने सॉक्स-१ आणि जॅक-१ यांची एकत्र रचना दाखवली. त्यात केआयआर किनेजच्या सब्स्ट्रेटच्या खाचेत शिरून बसलेलं आहे, आणि खरी पकड सॉक्स-१ च्या एसएच-२ भागाची आहे. तो जॅक-१, जॅक-२ आणि टिक-२ या भावंड किनेजांमधल्या ग्लायसिन-ग्लुटामिन-मेथिओनिन या तिकडीला धरतो. जॅक-३ मध्ये ती तिकडी नाही. त्या पकडीशिवायचं सुटं पेप्टाइड दुबळं असणारच, म्हणून दहा-वीस मायक्रोमोलर लागले तर नवल नाही. केवळ पेप्टाइडच्या जोरावर यंत्रणेचा दावा करू नये. सोबत रुक्सोलिटिनिब १ मायक्रोमोलरची एक मार्गिका ब्लॉटवर असू द्या.

वजनाच्या बाबतीत केआयआरवर नकळत अन्याय होतो. एचपीएलसीने शुद्ध केलेलं पेप्टाइड बहुधा टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल) क्षाराच्या रूपात येतं आणि प्रत्येक धनभारामागे एक टीएफए चिकटतं. टीकिपमध्ये असे दोन, म्हणजे वजनाच्या सुमारे १२ टक्के. पामिटॉइल केआयआरमध्ये सात, म्हणजे जवळपास पाव भाग. सरळ तराजूवर मोजून दोघांची तुलना केली तर केआयआर आधीच मागून सुरुवात करतं. टीएफएचा पेशींच्या वाढीवर परिणाम झाल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा अ‍ॅसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षार मागावा.

मागणीपत्रात शुद्धता ९५ टक्के, अमिनो आम्ल विश्लेषणाने काढलेलं निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण, आणि ५ मिलिग्रॅमची एक कुपी न घेता १ मिलिग्रॅमच्या पाच, हे स्पष्ट लिहा. दोन अ‍ॅलानिनचं नियंत्रण त्याच वेळी, त्याच क्षारात मागवा. टीकिपच घेणार असाल तर वस्तुमान-आलेखात १५३७ च्या जवळ शिखर आहे का ते आधी पाहा. एक फेनिलअ‍ॅलानिन सुटलेला तुकडा तिथे दिसतो, आणि एकाला लागून एक पाणीभिरू अमिनो आम्लं असल्यामुळे संश्लेषणात तो सुटण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. आलेली कुपी उघडण्याआधी अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा आणि एकदा फिरवून घ्या, नाहीतर पूड झाकणालाच राहते.