डॉ. लागूंचं नटसम्राट: रील सोडा, अख्खं बघा

ज्यांच्यासाठी नटसम्राट म्हणजे २०१६ चा नाना पाटेकरचा सिनेमा, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. डॉ. श्रीराम लागूंच्या नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग मिळालं तर बघा, आणि अख्खं बघा. घर मागणाऱ्या त्या स्वगताचे दोन मिनिटांचे तुकडे सगळीकडे फिरत असतात, त्यावरून डॉक्टर काय चीज होते ते कळतच नाही.

क्वालिटीचं आधीच बोलून टाकतो. मी बघितलेली कॉपी एकदम मळकट, माइक कुठे लावलेत देव जाणे, नट जरा मागे गेला की अर्धं वाक्य गायब आणि प्रेक्षकातला खोकला मात्र खणखणीत. मोबाईलवर बघू नका आणि हेडफोन लावाच. सुरुवातीला वैताग येतो, मग आपोआप विसरायला होतं.

आता काम. नाटककार वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या किंग लिअरचा धागा उचलून मराठी घरात आणला आणि भाषा दिली एकदम भरजरी. अशी भाषा तोंडात आली की भलेभले नट सूर लावून बसतात, टाळी कुठे येणार हे आपल्याला चार वाक्यं आधी कळतं. लागूंचं तसं होत नाही. वाक्य कितीही लांबलचक असू दे, ते आत्ता या क्षणी सुचतंय असंच वाटतं, मधेच अडखळतात, पुढचा शब्द सापडेपर्यंत थांबतात, आणि घराचं स्वगत तर जवळजवळ पुटपुटल्यासारखं सुरू होतं, थकलेला म्हातारा बोलतोय, नट नाही. आणखी एक गंमत बघा, नाटकातला म्हातारा नट बेलवलकर जुन्या भूमिका आठवून बोलायला लागतो तेव्हा आवाज भारदस्त होतो, पाठ ताठ होते, आणि पुढच्याच क्षणी बायकोला ‘सरकार’ म्हणून हाक मारताना सगळं उतरलेलं, घरातला साधा माणूस. मधे सांधा दिसतच नाही! (स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन होते, घशाकडून काम कसं काढून घ्यायचं हे त्यांना नाही कळणार तर कोणाला.)

नाटकाबद्दल तक्रार आहेच. मुलं आणि सून-जावई फार एकरंगी लिहिलेत, बेलवलकरवरच्या चोरीच्या आळाचा प्रसंग आज बटबटीत वाटतो. डॉक्टर तिथे गप्प राहून प्रसंग सांभाळतात, बाकीच्यांना ते जमलेलं नाही.

नटसम्राट डिसेंबर १९७० चं, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. आणि त्याच वर्षी लागूंनी स्वतः विजय तेंडुलकरांचं गिधाडे हे नाटक बसवलं होतं, म्हणजे एकीकडे शेक्सपिअरच्या थाटातला राजा आणि दुसरीकडे एकमेकांना ओरबाडणारं शिव्या देणारं कुटुंब. त्यात साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर सेन्सॉरने हरकत घेतली, मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी अनाउन्समेंट करायचे की हा डाग लाल समजावा. दिग्दर्शक म्हणून डोकं कसं चालायचं बघा, भांडण पण नाटकातच घेतलं! पुढे जी. पी. देशपांड्यांचं उद्ध्वस्त धर्मशाळा केलं, तिथे तर नुसती चौकशी समितीपुढची बोलाचाली. आणि सत्तरी ओलांडल्यावर १९९९ मधे सूर्य पाहिलेला माणूस या नाटकातला सॉक्रेटिस, अतुल पेठेंच्या दिग्दर्शनात. ग्रीक माणूस, पण बोलणं आजच्या मराठीत, आणि हेच मला लागूंचं खरं वैशिष्ट्य वाटतं, क्लासिकलसाठी वेगळा आवाज आणि आजच्यासाठी वेगळा असं त्यांनी ठेवलंच नाही.

सिनेमा वाईट आहे असं म्हणत नाहीये, नाना त्याच्या पद्धतीने भिडतो, पण तो पहिल्यापासूनच पेटलेला असतो. लागूंच्या कामात विझत जाणं दिसतं.

ज्या कोणाकडे मूळ टेप असेल त्यांनी निदान आवाज तरी साफ करून द्यावा राव, पैसे देऊन बघू.