टिळकवाडीतील गिटार वर्ग: चार महिन्यांच्या शिक्षणानंतरचा अभिप्राय

खानापूरहून दर रविवारी बेळगावला येऊन मी टिळकवाडीतील दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या या गिटार वर्गात चार महिने शिकलो. संपूर्ण फ्रेटबोर्डवर (गिटारच्या दांडीवरची, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांनी घरे पाडलेली बाजू) स्केल, म्हणजे ठरावीक स्वरांची मालिका, ओळखणे आणि तिच्या आधाराने आयत्या वेळी धून रचणे, एवढाच या अभ्यासक्रमाचा विषय आहे. ज्याला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून एखाद्या गाण्याला साथ करता येते, अशाच विद्यार्थ्याला येथे प्रवेश मिळतो. मी पाच वर्षे गिटार वाजवत होतो आणि 'ए मायनर पेंटाटॉनिक' या पाच स्वरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा आकार, म्हणजे बोटांच्या जागांची ठरलेली मांडणी, मला पक्का पाठ होता. परंतु कोणी चार कॉर्ड वाजवून "आता तुम्ही काही वाजवा" म्हटले, की माझी बोटे पाचव्या आणि आठव्या फ्रेटच्या मध्येच वरखाली फिरत राहत आणि ऐकणाऱ्याला त्यात धून नव्हे, तर सरावाचा धडा ऐकू येई. ज्यांची हीच अडचण आहे त्यांनी हा वर्ग जरूर लावावा.

पहिला महिना सरांनी आम्हाला एकाही आकाराला हात लावू दिला नाही. केवळ दुसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी) 'सी मेजर' ही सात स्वरांची स्केल वाजवायची: पहिल्या फ्रेटवर 'सी', मग तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या फ्रेटवरून जात तेराव्यावर वरचा 'सी'. एका तारेवर स्केल अशी आडवी पसरली, की कोठे दोन घरांचे अंतर आहे आणि कोठे एकाच घराचे, हे डोळ्यांना दिसते आणि कानालाही कळते. 'सी'ला षड्ज धरला तर गंधार आणि मध्यम, तसेच निषाद आणि वरचा षड्ज हे शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाच जागी बसलेल्या आकारात सहा तारांवर बोटे फिरवताना हे अंतर मला पाच वर्षांत कधी जाणवले नव्हते, कारण तेथे बोटांना केवळ वळण लागलेले असते. सतारवादक आपली धून मुख्यतः बाजाच्या, म्हणजे धून वाजवण्याच्या, एकाच तारेवर वाजवतो. त्यामुळे स्वरांमधले अंतर त्याच्या हाताला पहिल्यापासून ठाऊक असते, हे सरांनी तेव्हा सांगितले.

हार्मोनियमवर एक स्वर एकाच पट्टीखाली असतो. गिटारचे तसे नाही, आणि नवशिक्याचा खरा गोंधळ येथेच होतो. पहिल्या मोकळ्या तारेचा 'ई' हाच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. उंची तीच, पण जाड तारेवर तो अधिक भरीव ऐकू येतो. म्हणून प्रत्येक तासाच्या आरंभी एका स्वराची सर्व ठिकाणे शोधण्याचा सराव असे. 'ए' घ्यायचा तर सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, पाचवी तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर, चौथ्या तारेवर सातवा, तिसरीवर दुसरा आणि चौदावा, दुसरीवर दहावा, पहिलीवर पुन्हा पाचवा. हे मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर, स्वराचे नाव मोठ्याने उच्चारत करावे लागे. एक आकार दुसऱ्या तारेशी आला की एक घर पुढे का सरकतो, याचा उलगडाही मला येथेच झाला: शेजारच्या सर्व तारांमध्ये पाच घरांचे अंतर आहे, मात्र तिसरी आणि दुसरी यांच्यामध्ये चारच घरांचे आहे. एवढी एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती, तर माझी पाठांतराची बरीच मेहनत वाचली असती.

दुसऱ्या महिन्यापासून पेंटाटॉनिकचे पाचही आकार सुरू झाले, आणि या वर्गाचे वेगळेपण मला त्या आठवड्यांत सर्वांत अधिक जाणवले. सहाव्या तारेवर पाचव्या, आठव्या, दहाव्या, बाराव्या आणि पंधराव्या फ्रेटपासून हे पाच आकार सुरू होतात, हे कोणत्याही पुस्तकात सापडते. सरांनी मात्र मोबाईलवर तानपुरा लावला आणि तेच पाच स्वर, म्हणजे 'सी', 'डी', 'ई', 'जी', 'ए', एकेका स्वराला षड्ज मानून वाजवायला लावले. 'सी'ला षड्ज मानला तर भूप रागाचे स्वर मिळतात. तानपुरा 'डी'वर नेला की मधमाद सारंगाचे, 'ई'वर मालकंसाचे, 'जी'वर दुर्गाचे आणि 'ए'वर धानीचे. बोटे फ्रेटबोर्डवर त्याच जागी पडत असताना केवळ आधारस्वर बदलल्यामुळे सगळा भाव बदलतो, हा मूर्च्छनेचा अनुभव मी पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी घेतला, आणि त्या दिवशी घरी परतताना मनातून तो जात नव्हता. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, त्याला चलन म्हणजे स्वरांची ठरलेली चाल असते, न्यासाचे म्हणजे थांबण्याचे स्वर असतात, हेही सरांनी तेथेच बजावले. गिटारवर भूपाचे पाच स्वर वाजवले म्हणजे भूप झाला असे त्यांनी कोणाला म्हणू दिले नाही. वर्गात मराठी आणि कन्नड बोलणारी मुले निम्मी निम्मी आहेत, आणि सा-रे-ग-म ही नावे दोघांच्याही घरातली असल्यामुळे, समजावणे कोणत्या भाषेत चालले आहे याने फारसे अडत नाही.

आकार पाठ झाले तरी ते एकमेकांना जोडता आले पाहिजेत. त्यासाठी तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरून नवव्यावर बोट घसरवत पुढच्या आकारात शिरायचे, तेथे दोन-तीन स्वर घ्यायचे आणि दुसऱ्या वाटेने परतायचे, असा तिरका प्रवास आम्ही महिनाभर घोटला.

प्रत्यक्ष धून रचण्याचा भाग तिसऱ्या महिन्यात आला. 'ए मायनर', 'एफ', 'सी' आणि 'जी' हे चार कॉर्ड फिरत राहत आणि प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर त्या कॉर्डमधल्याच स्वरावर उतरायचे, हा नियम. स्केल तीच राहते. पण 'एफ' आला तर 'ए' किंवा 'सी' वर, 'जी' आला तर 'जी' किंवा 'डी' वर यावे लागते. सर याला समेवर येणे म्हणत, आणि भजनाच्या ठेक्यावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना त्याहून नेमका शब्द मिळाला नसता. त्यासोबत आणखी दोन बंधने होती. एका फेरीत तीनच स्वर वापरायचे, आणि वाजवण्याआधी ती ओळ गाऊन दाखवायची. "आधी गा, मग वाजवा" हे वाक्य प्रत्येक तासाला कानावर पडे. ज्या जिल्ह्यातील सुळेभावी गावी १९२४ मध्ये कुमार गंधर्वांचा जन्म झाला, तेथे गळ्याचे महत्त्व कोणाला नव्याने सांगायला नको. तरीही गिटार शिकणारी मुले गायला लाजतात आणि मीही लाजत होतो. गाताना श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे ओळीला आपोआप विराम मिळतो. माझ्या वाजवण्यात विराम नव्हता, हा दोष मला गाण्यामुळेच सापडला. तीन स्वरांत एखादी जागा घेता आली, की उरलेले स्वर कोठे हवेत हे कान स्वतःच सांगू लागतो.

काही उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. आमच्या तुकडीत आठ जण होते. दीड तासाच्या वर्गात प्रत्येकाला एकट्याने वाजवायला जेमतेम पाच-सहा मिनिटे मिळत. इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी धून रचणे, हा ऐकून दुरुस्त करण्याचा विषय असल्यामुळे चारांपेक्षा मोठी तुकडी घेऊ नये, असे मी सरांना सांगितलेही. फ्रेटबोर्डच्या आकृत्यांच्या झेरॉक्स प्रती इतक्या फिकट आहेत, की तारांवरचे ठिपके हाताने पुन्हा काढावे लागले. प्रत्येक तारेवर तीन स्वर घेऊन मेजर स्केल वाजवण्याची पद्धत शेवटच्या दोन आठवड्यांत घाईने उरकली. या पद्धतीला किमान एक महिना हवा होता, कारण काफी, खमाज आणि भैरवी या थाटांच्या (रागांच्या सात स्वरी चौकटींच्या) स्वरांकडे जाण्याचा मार्ग तिच्यातूनच सोपा होतो. वर्गातील जादा गिटारच्या तारा फ्रेटपासून फारच उंच आहेत आणि तिच्यावर बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवताना बोटे दुखतात, म्हणून स्वतःचीच गिटार न्यावी.

महिन्याला चार रविवारांचे १,२०० रुपये घेतात. मला ते रास्त वाटले. खानापूर, लोंढा किंवा त्यापलीकडून येणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. आमच्याकडच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि लाकूड फुगून स्वर हलतो. गिटारसाठी जाड आवरण आणि वाजवून झाल्यावर तारा पुसायला कोरडे सुती कापड जवळ ठेवावे. रेल्वे गेट बंद असण्याचा वेळ धरून दहा मिनिटे आधी निघावे, कारण तासाच्या सुरुवातीचा स्वर शोधण्याचा सराव एकदा चुकला, तर पुढचा सगळा तास हात मागे राहतो. मी पुढच्या चार महिन्यांसाठीही नाव नोंदवले आहे. या वेळी सकाळची तुकडी पाच जणांची असेल, असे सरांनी सांगितले आहे.