शर्माजी नमकीन: ऋषी कपूरचा शेवटचा पिक्चर

ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० ला गेला तेव्हा हा पिक्चर अर्धवट होता, मग उरलेले सीन परेश रावलने केले आणि २०२२ च्या मार्चएंडला प्राइमवर आला. म्हणजे एकाच शर्माजीचे दोन चेहरे, या सीनला ऋषी तर पुढच्याला परेश, सुरुवातीला डोकं जाम गरगरतं. पण परेशभाईने नक्कल केली नाही हे बेस्ट केलं, आपल्याच ढंगात केलंय आणि थोड्या वेळाने आपण मोजायचं सोडून देतो. (खरं सांगू, मी पूर्ण सोडलं नाही, ऋषी दिसला की जीव खुश व्हायचा.)

स्टोरी साधीच. दिल्लीतला रिटायर झालेला विधुर बाप, घरी बसून कंटाळलेला, पोरांपासून लपवून बायकांच्या किटी पार्टीत जेवण बनवायला लागतो. ऋषीला कांदा चिरताना, मसाला परतताना बघणं म्हणजे सुख, माणूस खरंच खाण्यावर प्रेम करणारा होता ना. जुही चावला आहेच, 'बोल राधा बोल' पिक्चरमधली तिची-ऋषीची जोडी आवडणाऱ्यांनी तर बघाच. सेकंड हाफ मात्र ताणलाय, पोलीस स्टेशनचा गोंधळ उगाच वाटला.

माझ्याकडून साडेतीन स्टार, त्यातला अर्धा निव्वळ ऋषीसाठी. आणि जेवून बसा, उपाशीपोटी बघू नका.